बारावीची बायोलॉजी: एक धडा पुस्तकातून कोऱ्या कागदावर आणि तिथून पेपरात कसा उतरवायचा

सराव परीक्षेचे पेपर परत दिले की दरवर्षी काही मुलं पुस्तक हातात घेऊनच माझ्यापाशी येतात. "मॅडम, हे सगळं वाचलं होतं, लिहिताना आठवलंच नाही." पुस्तक उघडून दाखवतात. पान पिवळंधमक. व्याख्या पिवळ्या, उदाहरणं पिवळी, आकृतीखालची ओळसुद्धा पिवळी. मुलं खोटं बोलत नाहीत. त्यांनी खरंच तीन-तीनदा वाचलेलं असतं. पण पुस्तक मिटून त्यातलं एक पानही स्वतःच्या हाताने उतरवलेलं नसतं. आठवून लिहिण्याची पहिलीच वेळ परीक्षेच्या हॉलमध्ये येते आणि तिथे सगळं फसतं.

म्हणून हा लेख. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीचा अभ्यासक्रम धरून लिहिला आहे. सीबीएसईच्या मुलांना धड्यांचे क्रमांक वेगळे लागतील, बाकी पद्धत तीच. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मुलं चौथा टप्पा गाळून थेट नवव्यावर उडी मारतात आणि मग "उत्तर कसं लिहायचं ते सांगा" म्हणतात.

## टप्पा 1: टेबलावर काय हवं

बालभारतीचं पाठ्यपुस्तक. जुनं किंवा फाटकं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळते. एक दोनशे पानी वही, एक कोऱ्या कागदांचा गठ्ठा (एका बाजूने छापलेले पाठकोरे कागद उत्तम), टोकदार एचबी पेन्सिल, खोडरबर, पट्टी. मंडळाच्या मागच्या तीन-चार प्रश्नपत्रिका. एवढंच.

गाइड एकच ठेवा आणि तेही कपाटात. तीन प्रकाशनांची गाइडं शेजारी उघडून बसलेला मुलगा अभ्यास करत नसतो, तो उत्तरांची तुलना करत असतो. हायलायटर पहिले दोन महिने घरात कुणाकडे तरी देऊन टाका.

प्रश्नपत्रिकेचा साचा पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. लेखी 70 गुणांचं, वेळ 3 तास, प्रॅक्टिकल 30 गुणांचं. लेखीत विभाग अ मध्ये एक-एक गुणाचे 10 बहुपर्यायी आणि 8 अतिलघु प्रश्न. विभाग ब मध्ये दोन गुणांच्या 12 प्रश्नांपैकी 8, विभाग क मध्ये तीन गुणांच्या 12 पैकी 8, विभाग ड मध्ये चार गुणांच्या 5 पैकी 3. बेरीज करून बघा: 18, 16, 24, 12. सर्वांत मोठा वाटा तीन गुणांच्या प्रश्नांचा आहे. तरीही मुलं तयारी करतात ती मोठ्या उत्तरांची आणि एका ओळीच्या प्रश्नांची. मधला भाग तसाच राहतो.

## टप्पा 2: धड्यांचा क्रम लावा

पुस्तकात 15 धडे आहेत. पहिल्यापासून पंधराव्यापर्यंत सरळ गेलात तरी चालेल, पण त्याआधी एक काम करा. अकरावीच्या पुस्तकातला पेशी विभाजनाचा धडा काढा आणि मायोसिस (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं विभाजन) एकदा नीट करा. एक संध्याकाळ पुरते. पहिल्या धड्यातली भ्रूणकोशाची निर्मिती, दुसऱ्यातली शुक्राणू आणि अंडपेशीची निर्मिती, तिसऱ्यातलं गॅमिट्सचं (युग्मकांचं) गणित, हे सगळं मायोसिसवर उभं आहे. ते कच्चं असेल तर तीन धडे पाठ करावे लागतात. ते पक्कं असेल तर तीन धडे समजतात.

आणखी दोन बंधनं पाळा. चौथा धडा, म्हणजे आनुवंशिकतेचा रेणवीय पाया, झाल्याशिवाय बारावा, बायोटेक्नॉलॉजीचा, उघडू नका. डीएनएच्या दोन धाग्यांची दिशा कळली नसेल तर रिस्ट्रिक्शन एन्झाइम कुठे कापतं ते कळणार नाही. दुसरं, तेरा, चौदा, पंधरा हे पर्यावरणाचे तीन धडे एकामागोमाग एक करा. "सोपे आहेत, शेवटी बघू" म्हणून ते जानेवारीपर्यंत ढकलले जातात आणि प्रॅक्टिकलच्या गडबडीत राहूनच जातात. मला विचाराल तर ते दिवाळीच्या सुट्टीत संपवा.

तपासा: वहीच्या दुसऱ्या पानावर 15 धडे, त्यांच्यापुढे "वाचलं", "लिहिलं", "आकृत्या", "प्रश्न" असे चार रकाने. पुढचे महिने याच पानावर खुणा करायच्या.

## टप्पा 3: दोन वाचनं, दोन्ही वेगळी

पहिलं वाचन वीस-पंचवीस मिनिटांचं. हातात पेन नको. शीर्षकं, उपशीर्षकं, आकृत्या, तक्ते आणि धड्याच्या शेवटचा स्वाध्याय. हो, स्वाध्याय आधी वाचायचा. धडा कशाबद्दल विचारतो ते आधी कळलं की वाचताना डोळा नेमका तिथे थांबतो.

दुसरं वाचन पेन्सिलीने आणि सावकाश. प्रत्येक उपशीर्षकाचा प्रश्न करून समासात लिहा. उपशीर्षक आहे "सेमीकन्झर्व्हेटिव्ह रेप्लिकेशन". समासात लिहायचं: "नव्या रेणूत जुना धागा किती? हे कुणी, कशावर दाखवलं? एक धागा तुकड्यातुकड्यांनी का बनतो?" हे तीन प्रश्न म्हणजे परीक्षेतले दोन आणि तीन गुणांचे प्रश्नच. ते तुम्ही स्वतः काढलेत.

एका बैठकीत पाच-सहा पानांपुढे जाऊ नका.

## टप्पा 4: पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढाच टप्पा करा. पाच-सहा पानं वाचून झाली की पुस्तक मिटून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं. कोऱ्या कागदावर आठवेल ते सगळं उतरवायचं. शीर्षकं, बाण, आकृतीचा सांगाडा, अर्धवट व्याख्या. स्पेलिंगची चिंता नको, अक्षराची नको. पंधरा मिनिटं. आठवलं नाही तिथे रिकामी चौकट काढून पुढे जायचं. मग पुस्तक आणून लाल पेनाने तोच कागद तपासायचा.

परवाचाच एक कागद सांगते. मुलीने भ्रूणकोशाची आकृती आठवून काढली होती. वर तीन पेशी, खाली तीन पेशी, मधे दोन पेशी. एकूण आठ. आकृती सुबक, पेन्सिल टोकदार. तिला मी विचारलं, "मधल्या दोघींमध्ये भिंत आहे का गं?" ती थांबली. पुस्तकात भ्रूणकोश सात पेशींचा आणि आठ केंद्रकांचा असतो. मधली पेशी एकच, तिच्यात दोन ध्रुवीय केंद्रकं. हे वाक्य तिने वाचलं होतं, पिवळंही केलं होतं. पण "सात" आणि "आठ" का वेगळे हा प्रश्न तिला कागदावर चूक होईपर्यंत पडलाच नव्हता. तिथून दुहेरी फलन दोन मिनिटांत सुटलं. एक नर युग्मक अंडपेशीशी मिळून द्विगुणित युग्मनज बनतो. दुसरा त्या मधल्या पेशीतल्या, एकत्र येऊन द्विगुणित झालेल्या केंद्रकाशी मिळतो, म्हणून एन्डोस्पर्म त्रिगुणित. आता ते तिला पाठ करावं लागणार नाही.

लाल पेनाच्या खुणा जास्त आल्या तर मुलं हिरमुसतात आणि हा टप्पा सोडून देतात. पहिल्या आठवड्यात अर्धा कागद लाल होतोच. तेच अपेक्षित आहे.

घरच्यांसाठी: आई-बाबांना बायोलॉजी येत नसली तरी हा टप्पा ते करून घेऊ शकतात. पुस्तक तुम्ही हातात धरायचं, मुलाने बोलून सांगायचं किंवा लिहायचं, तुम्ही फक्त पुस्तकातले शब्द त्यात आले का ते बघायचं. स्वयंपाक करताना ऐकलं तरी चालतं.

## टप्पा 5: आकृत्या

आकृती शेवटी काढायची, वेळ उरला तर, असा समज आहे. उलट करा. धडा लिहून काढण्याआधी त्याची आकृती तीनदा काढा, उत्तर आपोआप तिच्याभोवती जमतं.

हृदयाच्या उभ्या छेदाने दाखवते, कारण चुका सगळ्यात जास्त तिथेच होतात.

1. आधी हलक्या हाताने बाह्यरेषा. आकृती कागदाच्या डाव्या निम्म्या भागात, उजवा निम्मा नावांसाठी मोकळा.
2. वर "उजवी बाजू", "डावी बाजू" असं पेन्सिलीने पुसटसं लिहून ठेवा. समोर उभ्या माणसाचं हृदय आपण बघतो आहोत, म्हणून त्याची उजवी बाजू कागदावर आपल्या डाव्या हाताला येते. ही एक गोष्ट चुकली की सगळी नावं उलटी.
3. चार कप्पे. डाव्या जवनिकेची भिंत उजवीपेक्षा ठळक जाड. परीक्षक हे बघतोच. डावी जवनिका सगळ्या शरीरात रक्त ढकलते, उजवी फक्त फुप्फुसापर्यंत.
4. झडपा. उजवीकडे त्रिदल, डावीकडे द्विदल.
5. मग रक्तवाहिन्या. उजव्या जवनिकेतून फुप्फुस धमनी, डाव्या जवनिकेतून महाधमनी. उजव्या अलिंदात महाशिरा, डाव्या अलिंदात चार फुप्फुस शिरा.
6. शेवटी नावांच्या रेषा. पट्टीने, आडव्या, एकमेकींना न छेदणाऱ्या, टोकाला बाण नाही. नावं एकाखाली एक, सरळ रांगेत. आकृतीखाली शीर्षक.

शेडिंग नको. रंग नको. घड्याळ लावून पाच मिनिटांत पूर्ण होईपर्यंत रोज एकदा.

इथे चुकतात: फुप्फुस धमनीत अशुद्ध रक्त असतं. "धमनी म्हणजे शुद्ध रक्त" हे दहावीपासून डोक्यात बसलेलं असतं. धमनी म्हणजे हृदयाकडून बाहेर नेणारी वाहिनी. रक्त कसलं आहे त्याचा नावाशी संबंध नाही.

याच पद्धतीने बीजांडाचा उभा छेद, अंडाशयाचा छेद, शुक्राणू, मेंदू, प्रतिक्षिप्त क्रियेचा मार्ग, रेप्लिकेशन फोर्क, लॅक ओपेरॉन, प्रतिपिंडाची रचना, पीबीआर 322 प्लास्मिड. प्लास्मिडवर अँपिसिलिन आणि टेट्रासायक्लिन या दोन्हींच्या प्रतिरोधाचे जनुक दाखवायला विसरू नका. दोन जनुक कशाला, हा प्रश्न त्यातूनच निघतो.

## टप्पा 6: प्रक्रिया आणि प्रयोग

प्रक्रिया परिच्छेदात लिहून पाठ करू नका. साखळी करा.

मासिक पाळीचं चक्र बघा. मुलं संप्रेरकं वेगळी पाठ करतात, अंडाशयातले बदल वेगळे, गर्भाशयातले वेगळे. मग "21 व्या दिवशी काय स्थिती असते?" विचारलं की गोंधळ. त्याऐवजी कागद आडवा धरा. खाली 1 ते 28 दिवसांची पट्टी. तिच्यावर एकावर एक चार आडवे पट्टे: पिट्युटरीची संप्रेरकं, अंडाशय, अंडाशयाची संप्रेरकं, गर्भाशयाचं अस्तर. आता डावीकडून उजवीकडे चला. पिट्युटरीचं एफएसएच वाढतं, अंडाशयातली पुटिका (अंडपेशी असलेली पिशवी) वाढू लागते. वाढती पुटिका इस्ट्रोजेन सोडते, इस्ट्रोजेनमुळे अस्तर पुन्हा जाड होऊ लागतं. इस्ट्रोजेन शिखरावर पोचलं की पिट्युटरीचंच एलएच एकदम उसळतं आणि साधारण 14 व्या दिवशी अंडमोचन होतं. फुटलेल्या पुटिकेचं कॉर्पस ल्युटियम बनतं, ते प्रोजेस्टेरॉन सोडतं, अस्तर टिकून राहतं. गर्भधारणा झाली नाही तर कॉर्पस ल्युटियम विरतं, प्रोजेस्टेरॉन घसरतं, अस्तर गळतं.

तपासा: मोजपट्टी 21 व्या दिवसावर उभी ठेवा. चारही पट्ट्यांत तिथे काय आहे ते मोठ्याने सांगा. एलएच खाली, कॉर्पस ल्युटियम कामात, प्रोजेस्टेरॉन वर, अस्तर जाड आणि स्रावी. मग पट्टी 3 वर आणा, 12 वर आणा. तिन्ही ठिकाणी अडखळला नाहीत तर चक्र झालं.

चौथ्या धड्यातल्या प्रयोगांसाठी चार रकाने पुरतात: कुणी आणि कधी, कोणता सजीव, काय केलं, काय सिद्ध झालं. शेवटचा रकाना जपून भरा. ग्रिफिथने 1928 मध्ये उंदरांवर आणि न्यूमोनियाच्या जिवाणूंवर प्रयोग केला, पण त्याने डीएनए सिद्ध केला नाही. मेलेल्या जिवाणूंतलं "काहीतरी" जिवंतांना बदलतं एवढंच त्याच्या हाती लागलं. ते काहीतरी डीएनए आहे हे एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी 1944 मध्ये दाखवलं. 1952 मध्ये हर्षे आणि चेस यांनी किरणोत्सारी गंधक आणि फॉस्फरस वापरून जिवाणूभक्षी विषाणूवर पक्कं केलं. रेप्लिकेशनचा मेसेल्सन आणि स्टाल यांचा प्रयोग 1958 चा, ई. कोलाय या जिवाणूवर. ग्रिफिथच्या नावावर डीएनए लिहिलेली उत्तरं मी दरवर्षी तपासते आणि दरवर्षी मन हळहळतं, कारण बाकी सगळं बरोबर असतं.

## टप्पा 7: आनुवंशिकतेची गणितं

क्रम ठरलेला आहे, बदलू नका. अक्षरं कशासाठी ते आधी लिहा. पालकांचं दृश्यरूप, त्याखाली जनुकरूप. मग गॅमिट्स, वर्तुळात. मग चौकट. शेवटी दृश्यरूपाचं गुणोत्तर आणि जनुकरूपाचं गुणोत्तर, दोन्ही वेगवेगळ्या ओळीत.

चूक जवळजवळ नेहमी गॅमिट्सच्या ओळीत असते. द्विसंकरात एका गॅमिटमध्ये प्रत्येक गुणाचं एकच अक्षर येतं. गोल-पिवळ्या संकरित मटारासाठी चार प्रकारची गॅमिट्स: मोठा आर-मोठा वाय, मोठा आर-लहान वाय, लहान आर-मोठा वाय, लहान आर-लहान वाय. एकाच गुणाची दोन अक्षरं एका वर्तुळात दिसली की तिथेच थांबा, पुढची सोळा घरं भरू नका.

अपूर्ण प्रभावितेचं 1:2:1 हे गुणोत्तर लक्षात ठेवायला गुलबक्षी आठवा. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून पहिल्या पिढीत गुलाबी, दुसऱ्या पिढीत एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरी. इथे दृश्यरूपाचं आणि जनुकरूपाचं गुणोत्तर एकच का येतं ते एका वाक्यात लिहून बघा.

रंगांधळेपणाच्या गणितात दोन गोष्टी जपा. वाय गुणसूत्रावर त्या जनुकाचं अक्षर लिहायचं नाही. आणि प्रश्न नीट वाचा: "किती टक्के मुलगे" की "किती टक्के अपत्यं"? वाहक आई आणि निरोगी वडील असतील तर मुलग्यांपैकी निम्म्यांना रंगांधळेपणा येण्याची शक्यता. सगळ्या अपत्यांत मोजलं तर 25 टक्के. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण प्रश्न एकच विचारतो.

## टप्पा 8: इंग्रजी शब्दांची भीती काढा

मराठी माध्यमातून किंवा सेमीतून आलेल्या मुलांचा खरा अडथळा हा आहे आणि त्याबद्दल वर्गात कुणी बोलत नाही. मुलं लाजतात. लाजू नका, तुमच्याकडे उलट एक जादा शिडी आहे. दहावीत तुम्ही प्रतिलेखन आणि भाषांतरण शिकलात. प्रत म्हणजे नक्कल. डीएनएवरून आरएनएची नक्कल उतरते ते प्रतिलेखन, म्हणजेच ट्रान्सक्रिप्शन. मग त्या आरएनएच्या भाषेचं प्रथिनाच्या भाषेत भाषांतर होतं ते ट्रान्सलेशन. हे दोन शब्द इंग्रजी माध्यमाची मुलंही उलटसुलट करतात. मराठी नाव आठवलं तर तुमचं चुकणार नाही.

वहीत शेवटची वीस पानं शब्दांसाठी. तीन रकाने: इंग्रजी शब्द अचूक स्पेलिंगसह, दहावीतलं मराठी नाव, स्वतःच्या शब्दांत एक ओळ. शब्द तोडून लिहा. एन्डो म्हणजे आत, एपि म्हणजे वर, हायपो म्हणजे कमी किंवा खाली, हायपर म्हणजे जास्त. एन्डोमेट्रियम, एपिडिडिमिस, हायपोथॅलॅमस, हायपरटेन्शन, चार शब्द फुकट मिळाले.

सारखे वाटणारे शब्द एकत्र, समोरासमोर लिहा. मायटोसिस आणि मायोसिस. युरेटर आणि युरेथ्रा. ग्लुकागॉन हे संप्रेरक, ग्लायकोजेन हा साठवलेला कर्बोदक. इलियम दोन आहेत, एक लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि दुसरं कमरेचं हाड. इंग्रजीत मधलं एक अक्षर बदलतं, आतड्यात "ई" आणि हाडात "आय". शुक्राणूंच्या बाबतीत तर तिघं भाऊ आहेत: स्पर्मॅटोजेनेसिस म्हणजे सबंध निर्मिती, स्पर्मिओजेनेसिस म्हणजे स्पर्मॅटिडचं शेपटीवाल्या शुक्राणूत रूपांतर, स्पर्मिएशन म्हणजे तयार शुक्राणूंचं सर्टोली पेशींपासून सुटणं.

शास्त्रीय नावं: प्रजातीच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान, आणि हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. एकच लांब रेघ ओढायची नाही.

## टप्पा 9: उत्तर लिहायला शिका

इथे घड्याळ आणायचं. 180 मिनिटांची माझी वाटणी अशी: विभाग अ 25, विभाग ब प्रत्येकी 5 प्रमाणे 40, विभाग क प्रत्येकी 7 प्रमाणे 56, विभाग ड 40. उरतात 19 मिनिटं, ती तपासणीची.

एका गुणाला एक वाक्य. दोन गुणांना दोन ठोस मुद्दे. तीन गुणांच्या उत्तरात, न मागताही, लहानशी नावं दिलेली आकृती बसत असेल तर बसवा. चार गुणांच्या प्रश्नात आधी प्रश्नाचे तुकडे मोजा. "व्याख्या द्या, प्रकार सांगा आणि एकाचं वर्णन करा" हे तीन प्रश्न आहेत. मुलं वर्णनात दोन पानं घालवतात आणि व्याख्या विसरतात.

"फरक स्पष्ट करा" मध्ये मुद्दा समोरच्या मुद्द्याला भिडला पाहिजे. डावीकडे "धमनीची भिंत जाड" आणि उजवीकडे "शिरेत झडपा असतात" हा फरक होत नाही.

"कारणे द्या" मध्ये तर सर्रास घोळ. प्रश्न: एसए नोडला पेसमेकर का म्हणतात? मिळणारं उत्तर: "एसए नोड उजव्या अलिंदात असते आणि ती हृदयाचे ठोके नियंत्रित करते." पहिला भाग पत्ता आहे, दुसरा प्रश्नाचीच पुनरुक्ती. हवं ते उत्तर: ती आवेग स्वतःहून निर्माण करते, तेही हृदयाच्या इतर भागांपेक्षा जास्त वेगाने, मिनिटाला साधारण 70 ते 75, म्हणून बाकी हृदय तिचीच लय पाळतं. स्वतःच्या उत्तराला "का?" विचारून बघा. उत्तर त्यावर गप्प बसलं तर कारण अजून लिहायचं आहे.

हॉलमधले नियम: बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहा. तिथे पहिलाच प्रयत्न तपासला जातो, खोडून दुसऱ्यांदा लिहिलेलं नाही. प्रत्येक विभाग नव्या पानावर.

## टप्पा 10: प्रॅक्टिकलचे 30 गुण

जर्नल त्या त्या आठवड्यात पूर्ण करा. डिसेंबरअखेर मैत्रिणीच्या जर्नलवरून एका रात्रीत उतरवलेल्या आकृत्या तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला उघड्या पडतात.

स्लाइडवर कव्हरस्लिप सपाट टाकू नका. एक कड द्रवाला टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू सोडा, बुडबुडे येत नाहीत. सूक्ष्मदर्शकात आधी कमी क्षमतेच्या भिंगातून वस्तू शोधा, मधोमध आणा, मग जास्त क्षमतेवर जा. कांद्याच्या मुळाच्या टोकाच्या स्लाइडवर पेशी एकमेकींवर चढलेल्या दिसल्या तर दाब कमी पडला आहे. सोख्यातून अंगठ्याने सरळ खाली दाबा, अंगठा सरकवू नका.

## टप्पा 11: उजळणी, सराव पेपर आणि प्रवेश परीक्षा

धडा संपल्याच्या रात्री एकदा, मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. दर वेळी कोरा कागद आधी आणि पुस्तक नंतर. चौथ्या वेळेला पंधरा मिनिटंही लागत नाहीत.

डिसेंबरपासून दर रविवारी एक पूर्ण पेपर, सकाळी 11 ते 2 याच वेळेत, फोन दुसऱ्या खोलीत. तपासल्यावर गेलेला प्रत्येक गुण तीनपैकी एका ढिगात टाका. आठवलं नाही, तर तो धडा परत चौथ्या टप्प्यावर. आठवलं पण अपुरं लिहिलं, तर नववा टप्पा. वेळ पुरला नाही, तर कोणत्या विभागात किती मिनिटं जास्त गेली ते लिहा. हे ढीग न करता नुसते पेपर सोडवत राहिलात तर त्याच चुका मार्चमध्ये पुन्हा होतात.

एमएचटी-सीईटीत बायोलॉजीचे 100 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे एकाला 54 सेकंद. साधारण 80 टक्के भार बारावीवर, 20 टक्के अकरावीवर. अकरावीचे नेमके कोणते धडे ते सीईटी सेलच्या त्या वर्षीच्या अभ्यासक्रमात बघूनच ठरवा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका. नीटमध्ये बायोलॉजीचे 90 प्रश्न, 720 पैकी 360 गुणांचे, चुकीला एक गुण वजा आणि भाषा एनसीईआरटीची. राज्य मंडळाच्या मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवा: श्वसन-रक्ताभिसरण आणि नियंत्रण-समन्वय हे आपले बारावीचे धडे एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहेत. आठवा आणि नववा धडा करताना ते पुस्तक शेजारी ठेवा आणि तिथलं जादाचं वाक्य बालभारतीच्या समासात पेन्सिलीने टिपून घ्या. दोन वेगळ्या वह्या करू नका, फेब्रुवारीत दोन्ही उघडायला वेळ नसतो.

पेपरच्या आदल्या संध्याकाळी नवं काही वाचू नका. लाल पेनाने तपासलेले कागद काढा, फक्त लाल खुणा बघा आणि हृदय, भ्रूणकोश, मासिक पाळीचे चार पट्टे एकेकदा काढा. मग दोन पेन्सिली टोक करून कंपासपेटीत ठेवा.